आच धरून ठेवणाऱ्या भिंती: खानदेशातील कारखान्यांच्या गरम पाण्याचा इतिहास

गिरण्या येण्याआधी खानदेशात मोठ्या प्रमाणावर पाणी तापवण्याचा धंदा रंगाऱ्यांचा होता. तापीच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी असलेले फैजपूर हे गाव गडद निळ्या आणि लाल रंगाच्या कापडासाठी नावाजलेले होते. निळीला फारसा विस्तव लागत नसे, कारण ती पिंपात आंबवून तयार होई. लाल रंगाचे तसे नव्हते. तो आल या झाडाच्या मुळ्यांपासून निघे. कापड आधी तेलात आणि खारात पुन्हा पुन्हा भिजवून वाळवायचे, मग तुरटी आणि मुळ्यांचा भुगा घातलेल्या पाण्यात तांब्याच्या मोठ्या भांड्यात शिजवायचे. या शिजवण्यात खरे कौशल्य आचेचे होते. पाणी एकदम उकळले तर रंग डागाळतो आणि आच मध्येच उतरली तर तो फिका राहतो. भांड्याखालची आच हळूहळू चढायला हवी आणि चढली की टिकायला हवी.

आच टिकवणे खानदेशात सोपे नव्हते. तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या काठची सपाट काळी जमीन कापसाची आणि ज्वारीची. दाट जंगल सातपुड्यात आणि सातमाळ्याच्या डोंगरात. सपाटीवरच्या गावांना जळण मिळे ते शेतातले, म्हणजे कापसाच्या पऱ्हाट्या, तुरकाठ्या आणि शेणाच्या गोवऱ्या. पऱ्हाटी झटकन पेटते, भडका मोठा देते आणि लगेच राख होते. वांग्याच्या भरितासाठी खानदेशात आजही याच काड्यांचा जाळ पसंत करतात, कारण वांगे भाजायला थोडा वेळ पण तिखट जाळ लागतो. भांडेभर पाणी तासन् तास गरम ठेवायला मात्र असा जाळ कामाचा नाही. त्याची उष्णता कशात तरी साठवून ठेवावी लागते, आणि ती साठवण्याचे साधन म्हणजे भट्टीची जाड भिंत.

घरातल्या चुलीतही हेच तत्त्व होते. चुलीच्या बाजूला काढलेल्या वैलावर पाण्याचे भांडे ठेवत. मुख्य जाळ भाकरीखाली असे आणि त्याची वाया जाणारी धग वैलाकडे वळवलेली असे. स्वयंपाक आटोपला, जाळ काढून घेतला, तरी चुलीच्या जाड मातीतली ऊब पाणी कोमट ठेवी. गुऱ्हाळाचे चुलवण ही याच चुलीची मोठी आवृत्ती म्हणावी लागेल. जमिनीत खोल खणलेले, विटा-मातीने बांधलेले चुलवण पहिल्या काहिलीला भरपूर जळण खाते. दुसऱ्या-तिसऱ्या काहिलीपासून भिंती लाल झालेल्या असतात आणि तेवढाच रस कमी चिपाडात उकळतो. म्हणून गुळव्या काहिलीमागून काहील चढवत राहतो आणि चुलवण थंड होऊ देत नाही. कारखान्यातल्या बॉयलरने पुढे जे केले, त्याची रीत अशी आधीच ठाऊक होती.

रंगाऱ्यांचा लाल रंग मात्र फार काळ टिकला नाही. १८६८-६९ मध्ये जर्मनीत ग्रेबे आणि लीबरमान या रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेसारख्या मुळ्यांतले लाल रंगद्रव्य, ॲलिझरीन, प्रयोगशाळेत तयार केले. काही वर्षांतच तो स्वस्त रंग बाजारात आला आणि आलीची लागवड बसली.

१८६०च्या दशकातच खानदेशात वाफ आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ असा टाकला गेला, आणि नेमक्या याच वेळी अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) इंग्लंडला जाणारा तिकडचा कापूस थांबला. कापसाचे भाव चढले. जळगाव पाहता पाहता कापसाची पेठ झाले. सरकी आणि रुई वेगळी करणारे जिनिंग आणि रुईच्या गाठी बांधणारे प्रेस वाफेच्या इंजिनावर चालू लागले. १८७०च्या दशकात जळगावात मुळजी जेठा यांच्या पेढीने खान्देश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल उभी केली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमळनेरला श्रीमंत प्रतापशेठ यांची प्रताप मिल सुरू झाली. पुढे धुळ्याला न्यू प्रताप मिल आणि चाळीसगावला लक्ष्मीनारायण मिल झाल्या. सुरतेकडून अमळनेरपर्यंत आलेली ताप्ती व्हॅली रेल्वे आणि चाळीसगाव-धुळे फाटा, हे दोन्ही मार्ग १९००च्या आसपासचे. बॉयलरला लागणारा दगडी कोळसा आता गिरणीच्या दारापर्यंत येऊ लागला.

कापडगिरणीत वाफेची कामे दोन. एक इंजिन फिरवणे आणि दुसरे पाणी तापवणे. ताण्याच्या सुताला मागावर चढवण्याआधी खळ द्यावी लागते. ती खळ मोठ्या टाक्यांत वाफ सोडून शिजवतात आणि खळ दिलेले सूत वाफेने तापवलेल्या पिंपांवर वाळवतात. कापड विरंजन करायचे, रंगवायचे, धुवायचे, तर प्रत्येक टप्प्याला गरम पाणी. विजेच्या मोटारी आल्यावर इंजिने गेली. पाणी तापवण्याचे काम मात्र बॉयलरकडेच राहिले.

त्या काळच्या गिरण्यांचा ठरलेला बॉयलर म्हणजे लँकेशायर. विल्यम फेअरबर्न आणि जॉन हेदरिंग्टन यांनी १८४४ साली त्याचे पेटंट घेतले होते. आडव्या ठेवलेल्या मोठ्या लोखंडी पिंपात लांबीभर दोन नळ्या, नळ्यांच्या तोंडाशी कोळशाच्या जाळ्या आणि नळ्यांभोवती पाणी, अशी त्याची रचना. लोखंडाएवढेच महत्त्वाचे होते ते त्याच्या भोवतीचे बांधकाम. पिंप जमिनीवर नुसते ठेवलेले नसे. ते विटांच्या जाड कुशीत बसवलेले असे. नळ्यांतून मागे गेलेला धूर त्या बांधकामातल्या बोगद्यांतून पिंपाच्या पोटाखालून पुढे येई, मग दोन्ही बाजूंच्या बोगद्यांतून परत मागे जाई आणि शेवटी धुराड्याला लागे. म्हणजे गरम वायू पाण्याभोवती तीन फेऱ्या मारी आणि जाता जाता विटाही तापवी.

हे बांधकाम म्हणजे एक वेगळेच कसब होते. धुराच्या बाजूची आतली फळी अग्निविटांची, आणि त्या अग्निमातीतच बसवायच्या. बाहेरची भिंत साध्या विटांची, चुन्यात बांधलेली. पिंपाच्या पत्र्याला चुना टेकू द्यायचा नाही, कारण ओल धरलेल्या चुन्यामुळे पत्रा गंजतो. विटा आणि लोखंड तापल्यावर सारखे फुगत नाहीत, म्हणून जागोजागी फट सोडायची. तापणे आणि थंड होणे याने भिंतीला चिरा पडत. त्या वेळीच लिंपल्या नाहीत तर बाहेरची थंड हवा आत शिरे आणि कोळसा वाया जाई. बॉयलरवरचा चांगला फायरमन दाबाच्या काट्याइतकेच या चिरांकडे लक्ष ठेवी. दिव्याची ज्योत भिंतीजवळ धरायची; ज्योत आत ओढली गेली की तिथे चीर आहे.

एवढ्या टनावारी विटांचा उपयोग रात्री कळे. पाळी संपली की जाळ्यांवरचा विस्तव मागे ओढून ओल्या कोळशाने झाकून ठेवत आणि धुराड्याचे दार बंद करत. पाणी आणि भिंत दोन्ही रात्रभर गरम राहत. पहाटे विस्तव उकरला, दार उघडले की थोड्या वेळात दाब चढे आणि भोंगा वाजे. पूर्ण थंड झालेला लँकेशायर पेटवायचा तर कित्येक तास जात, कारण आधी विटा तापवाव्या लागत आणि घाई केली तर भिंत फुटे. आठवड्याच्या सुट्टीनंतरची पहिली सकाळ म्हणूनच बॉयलरघराला जड जाई.

थंड झालेला बॉयलर पुन्हा तापवण्याचा खर्च ज्याला परवडत नाही, तो बॉयलर थांबवत नाही, आणि बॉयलर थांबला नाही की माणसांनाही थांबता येत नाही. १८८४ साली मुंबई सरकारने नेमलेल्या कारखाना आयोगासमोर खानदेशातल्या जिनिंगची जी साक्ष झाली, तिच्यात हंगामात बायका पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत, आणि कामाची गर्दी असली की रात्रंदिवस राबत असल्याचे नोंदले गेले. मुख्य कारण हंगामाची घाई हे होते, यात शंका नाही. १८८१चा कारखाना कायदा वर्षात चार महिन्यांहून कमी चालणाऱ्या कारखान्यांना लागूच नव्हता, आणि या बायकांना त्याचा काही आधार मिळाला नाही. खानदेशातल्या वाफेच्या इतिहासात इंधनाचा हिशेब मांडताना हा हिशेबही मांडावा लागतो.

कोळसा वाचवण्याचा दुसरा उपाय धुराड्याच्या वाटेवर होता. यॉर्कशायरमधल्या वेकफिल्डच्या एडवर्ड ग्रीन यांनी १८४५ साली काढलेल्या इकॉनॉमायझरमध्ये धुराच्या मार्गात ओतीव लोखंडाच्या नळ्यांची रांग असे आणि बॉयलरमध्ये जाणारे पाणी त्या नळ्यांतून फिरवून आधीच तापवले जाई. नळ्यांवर काजळी धरू नये म्हणून खरवडणाऱ्या कड्या सतत खालीवर होत राहत. चुलीच्या वैलावर ठेवलेल्या भांड्याचेच हे लोखंडी रूप. बॉयलरला जाणारे पाणी सुमारे ६ अंश सेल्सिअस जास्त गरम असले तर इंधन साधारण १ टक्का कमी लागते, हा ठोकताळा आजही ऊर्जा लेखापरीक्षणात वापरतात. खानदेशात त्याला एक अडचण होती. विहिरीचे पाणी जड असले की नळ्यांच्या आत क्षाराचा थर बसतो, आणि तो थर उष्णता अडवतो. तो वेळोवेळी फोडून काढल्याशिवाय वाचलेला कोळसा पुन्हा क्षारातच जाई.

बॉयलरभोवतीच्या भिंतीला आणि धुराड्याला चुना लागे, आणि चुन्यात सुरखी. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची बारीक पूड. चुन्याच्या घाणीत, दगडी चाकाला बैल जुंपून, कळीचा चुना आणि सुरखी पाण्यासह मळत. वाळूचा चुना हवा लागल्याशिवाय घट्ट होत नाही. सुरखीचा चुना ओलीतही घट्ट होतो, कारण भाजलेल्या मातीतली सिलिका चुन्याशी संयोग पावते. म्हणून बंधारे, पूल, पाण्याच्या टाक्या यांना सुरखी हवीच असे. ही पूड नव्या विटांची करायची गरज नव्हती. भट्टीत तुटलेल्या, कमी भाजून पिवळ्या राहिलेल्या विटा आणि पडक्या भिंतींच्या विटा यांची सुरखी होई. अति भाजून काचेसारखा झालेला खंगर मात्र तिला चालत नसे, कारण तो चुन्याशी मिसळत नाही. जुन्या बांधकामाचा चुरा नव्या बांधकामाच्या गिलाव्यात जिवंत घटक म्हणून घालण्याची ही रीत काँक्रीटच्या पुनर्वापराची थेट पूर्वज आहे. पोर्टलंड सिमेंट स्वस्त झाल्यावर घाण्या बंद पडल्या आणि सुरखी हा शब्द जुन्या गवंड्यांपुरता उरला.

भुसावळला वीट आणखी एका ठिकाणी होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुलाच्या इथल्या मोठ्या लोको शेडमधल्या वाफेच्या इंजिनांच्या अग्निपेटीत अग्निविटांची कमान बांधलेली असे. ती भार पेलत नसे. जाळाला वळसा घालायला लावणे आणि स्वतः लालबुंद राहणे एवढेच तिचे काम. फावडाभर गार कोळसा टाकला की आगीची उष्णता क्षणभर उतरते. तेवढ्या वेळात कमानीतली आच न जळलेला धूर पेटवून टाकते. लोखंड आणि स्टील उद्योगात हेच काम मोठ्या प्रमाणावर होत होते: एडवर्ड काउपर यांच्या १८५७च्या पेटंटपासून झोतभट्ट्यांच्या शेजारी विटांनी भरलेले उंच मनोरे उभे राहिले, आणि वाया जाणाऱ्या वायूने विटा तापवायच्या, मग त्याच विटांतून हवा सोडून ती तापवायची, हा पालटा दिवसरात्र चालू राहिला. उष्णता साठवायला विटेइतके स्वस्त आणि टिकाऊ दुसरे काही तेव्हा नव्हते.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर खानदेशाच्या वाफेला कापसाबाहेरचे मोठे गिऱ्हाईक मिळाले. २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशिम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी नोंदवली आणि तिचा वनस्पती तुपाचा कारखाना अमळनेरला उभा राहिला. हीच पुढे विप्रो. तेल शुद्ध करणे हे उष्णतेचे काम आहे. तेलाचा वास काढण्यासाठी ते निर्वात भांड्यात २०० अंशांच्या वर तापवून त्यातून वाफ सोडतात. शुद्धीकरणातून उरलेल्या पदार्थांचा कपडे धुण्याचा साबण तिथेच होई. त्यानंतर आले सहकारी साखर कारखाने: फैजपूरजवळचा मधुकर, शिरपूरचा, साक्री तालुक्यातला पांझरा-कान. साखर कारखाना म्हणजे पाणी उकळवून उडवण्याचाच कारखाना. उसाच्या रसातले पाणी आटवताना पहिल्या भांड्यातून निघालेल्या वाफेने दुसरे भांडे तापवायचे, दुसऱ्याच्या वाफेने तिसरे, ही बहुपात्री रीत नॉर्बर्ट रिलियू या अभियंत्याने १८४०च्या दशकात लुइझियानात सिद्ध केली. एक किलो वाफेत तीन-चार किलो पाणी उडवणारी ही युक्ती उष्णतेच्या काटकसरीत आजही वरच्या जागी आहे. गुळव्याच्या चुलवणात उकळत्या रसाची वाफ आकाशात जाई. इथे ती कामाला लागली.

१९६०नंतर बॉयलरघरांतून वीट गेली. कारखान्यातच पूर्ण जोडून ट्रकवर येणारे पॅकेज बॉयलर आले. पुण्याची वॅन्सन (इंडिया) ही १९६६ सालची कंपनी, जिचे नाव पुढे थरमॅक्स झाले, लहान आणि चटकन वाफ देणाऱ्या बॉयलरसाठीच नावारूपाला आली. या बॉयलरला विटांचे बांधकाम नको. तिन्ही फेऱ्या पिंपाच्या आतच होतात आणि बाहेरून खनिज लोकर गुंडाळली की झाले. जागा कमी, माणसे कमी, अर्ध्या तासात वाफ. कार्यक्षमताही जुन्या लँकेशायरपेक्षा बरीच जास्त. हा बदल सर्व अर्थांनी योग्य होता, पण त्यात एक गोष्ट हातची गेली. पॅकेज बॉयलर आच साठवत नाही. दुपारी तीनला एकदम वाफेची मागणी वाढली तर बर्नर वाढवावा लागतो. मागणी उतरली तर बर्नर बंद होतो, पुन्हा पेटतो, आणि प्रत्येक वेळी पेटण्याआधी आतली गरम हवा बाहेर फुंकून टाकतो. इंधन म्हणून तेल आणि कोळसा हवा तेव्हा हवा तेवढा मिळत होता, तोवर हे कोणाला खटकले नाही. तेल महागले तसे खानदेशातले कित्येक कारखाने पुन्हा शेतातल्या जळणाकडे वळले. भुईमुगाची टरफले, पऱ्हाटी, भुसा दाबून केलेल्या कांड्यांना बाजारात व्हाइट कोल म्हणतात.

एकीकडे उष्णतेची टंचाई आणि दुसरीकडे ती फेकून देणे, हे दोन्ही या भागात शेजारी नांदले आहे. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्राचा ६२.५ मेगावॅटचा पहिला संच १९६८ साली सुरू झाला. २१० मेगावॅटचे दोन संच त्यानंतरच्या दीड दशकात आणि ५०० मेगावॅटचे दोन संच २०१२च्या सुमारास आले. कोळशाच्या औष्णिक केंद्रात जळलेल्या इंधनातली निम्म्याहून अधिक उष्णता वीज न होता शीतलन मनोऱ्यांतून आणि धुराड्यातून जाते. उरते ती राख. त्या राखेचे काँक्रीटच्या दृष्टीने मोठे मोल आहे, कारण सुरखीने चुन्याशी जे केले तेच राख सिमेंटशी करते.

सूर्याकडे वळण्याची सुरुवात इथे पाणी तापवण्यापासूनच झाली. वाकोदचे भवरलाल जैन यांनी जळगावात उभ्या केलेल्या जैन इरिगेशनने ठिबक सिंचनाबरोबर सौर पाणीतापकही बनवले. २०१३ साली धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प सुरू झाला. तो मात्र विजेचा. कारखान्याला लागणाऱ्या उष्णतेसाठी सूर्य वापरण्याचा महाराष्ट्रातला उल्लेखनीय प्रयोग खानदेशाबाहेर, लातूरच्या महानंद दूध प्रकल्पात झाला. आयआयटी मुंबईत प्रा. शिरीष केदारे यांच्या पुढाकाराने विकसित झालेली, सुमारे १६० चौरस मीटरची ‘अरुण’ ही सूर्याकडे वळत राहणारी तबकडी तिथे २००६ साली बसवण्यात आली. तिने दाबाखालचे पाणी तापवायचे, ते आवरण घातलेल्या टाकीत साठवायचे आणि त्यावर दुधाचे पाश्चरीकरण करायचे, अशी योजना होती. दूध ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवावे लागते, आणि दूध संध्याकाळीही येते.

इथे पऱ्हाटीची जुनी अडचण नव्या रूपात समोर येते. सूर्याचा जाळ दुपारी तिखट आणि सूर्यास्तानंतर शून्य. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, पण त्या उन्हाचा पहाटे पाचच्या पाळीला उपयोग व्हायचा तर ते रात्रभर कशात तरी राहिले पाहिजे. पाणी हा उत्तम साठा आहे, वजनाला वजन धरले तर काँक्रीटच्या चौपटीहून अधिक उष्णता ते धरते. मात्र १०० अंशांच्या पुढे त्याला दाबाच्या जाड पोलादी टाकीत कोंडावे लागते, आणि अशी टाकी महाग पडते. काँक्रीट ३००-३५० अंशांपर्यंत उघड्यावर तापवता येते. जर्मनीच्या अंतराळ व ऊर्जा संशोधन संस्थेने, डीएलआरने, या शतकाच्या पहिल्या दशकात स्पेनमधल्या अल्मेरियाच्या सौर केंद्रात आणि पुढे श्टुटगार्टमध्ये आत नळ्या घालून ओतलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर हे तपासले. नळ्यांतून गरम तेल फिरवले की ठोकळा तापतो; उलट फिरवले की तो उष्णता परत देतो. विटांच्या कुशीतला लँकेशायर रात्रभर जे करत होता, तेच हा ठोकळा करतो.

हिशेब सोपा आहे. एक घनमीटर काँक्रीटचे वजन सुमारे २,३०० किलो. दर किलोला दर अंशामागे सुमारे ०.९ किलोज्यूल उष्णता लागते. हा ठोकळा १५० अंशांवरून ३५० अंशांवर नेला तर त्यात सुमारे ४१४ मेगाज्यूल, म्हणजे ११५ युनिट उष्णता साठते. गळती सोडली तर तेवढ्यात ३० अंशांचे जवळपास २,००० लिटर पाणी ८० अंशांवर येते.

या ठोकळ्याला नवे काँक्रीट लागतेच असे नाही. पाडलेल्या इमारतीचे काँक्रीट फोडून केलेली खडी रचनेच्या कामात दोन कारणांनी कमी मानली जाते. तिला जुना मसाला चिकटलेला असतो, त्यामुळे ती जास्त पाणी पिते. आणि ताकद थोडी कमी येते. खडी-वाळूचे भारतीय मानक आयएस ३८३ याने २०१६च्या आवृत्तीत पुनर्वापराच्या खडीला प्रथमच जागा दिली, तीही मर्यादेत: लोखंडाशिवायच्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, एम २५ पर्यंतच्या लोखंडी काँक्रीटमध्ये २० टक्के, आणि एम १५च्या खालच्या हलक्या कामात पूर्ण १०० टक्के. उष्णतेच्या ठोकळ्यावर मजला उभा राहत नाही. त्याला वजन हवे, उष्णता सोसण्याची ताकद हवी. चिकटलेल्या मसाल्यामुळे अशा काँक्रीटमधून उष्णता थोडी हळू वाहते, म्हणून नळ्या जवळ जवळ ठेवाव्या लागतात. पहिल्यांदा तापवताना फार सावकाश चढवावे लागते. आत अडकलेल्या पाण्याची वाफ बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ठोकळा फुटतो. बॉयलरच्या नव्या भिंतीला मंद जाळावर कित्येक दिवस वाळवणारे गवंडी हे जाणत होते.

खानदेशच्या राडारोड्याची एक जमेची बाजू दगडात आहे. क्वार्ट्झचा दगड ५७३ अंशांच्या आसपास एकदम फुगतो आणि काँक्रीट चिरते; चुनखडीचा दगड त्याहून वरच्या तापमानाला विघटित होतो. जळगाव-धुळ्याची खडी दख्खनच्या काळ्या बेसॉल्टची. बेसॉल्टमध्ये मुक्त क्वार्ट्झ जवळजवळ नसतो, त्याचे प्रसरण तुलनेने कमी आणि एकसारखे असते, आणि तो वजनदार आहे. सिमेंटमधला मोकळा चुना सुमारे ४०० अंशांच्या पुढे विघटित होऊ लागतो. दीपनगरची राख मिसळली तर तो चुना आधीच बांधला जातो. गिरणीच्या काळात सुरखीने जे केले, त्याच रसायनाचा हा पुढचा टप्पा.

हे साहित्य जमा करण्याची जबाबदारी आता कायद्याने ठरवली आहे. मार्च २०१६च्या बांधकाम व पाडकाम कचरा व्यवस्थापन नियमांनुसार एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांहून किंवा दिवसाला २० टनांहून अधिक राडारोडा करणाऱ्याने काँक्रीट, माती, लोखंड, लाकूड, विटा वेगवेगळ्या करायच्या होत्या. पाच लाखांखालच्या शहरांना प्रक्रिया केंद्रासाठी तीन वर्षांची मुदत होती. २०११च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या ४,६०,२२८ आणि धुळ्याची ३,७५,५५९ होती. सरकारी कामांत १० ते २० टक्के साहित्य अशा कचऱ्यातून घ्यावे, असेही २०१६चे नियम सुचवत होते. जळगावच्या खान्देश मिलच्या आवारात आज खान्देश सेंट्रल हे बाजारसंकुल आहे. दोन्ही शहरांत जुन्या चाळी, गोदामे आणि सत्तरच्या दशकातल्या स्लॅबच्या इमारती उतरवल्या जात आहेत, आणि त्यांच्या पोटात उष्णतेला चांगली असलेली बेसॉल्टची खडी आहे. ती रस्त्याकडेला किंवा नाल्यात जाण्याआधी फोडून, चाळून, दूध संघाच्या, फळप्रक्रियेच्या किंवा तेलाच्या कारखान्यात एका छोट्या ठोकळ्याच्या रूपाने तपासून पाहावी. बेसॉल्टची जुनी खडी जळगाव शहरातच आहे, आणि तिथून दीपनगरची राख तीस-पस्तीस किलोमीटरवर.